वासराने प्यायलेलं दूध कुठे मोजलं?

नागपूर-वर्ध्याकडच्या गवळाऊ गाईचं दूध मोजायला निघालात, तर आधी गोठ्यात बसून बघा. वासरू लावल्याशिवाय ती सहसा पान्हा सोडत नाही. धार काढून झाली की वासरू पुन्हा सडाला. म्हणजे बादलीतलं दूध हे एकूण दूध नव्हेच! तोच आकडा लिहिलात तर चांगली गाय ‘कमी दुधाची’ ठरते, आणि विकली जाऊ शकते.

मग? पाजण्याआधी वासराचं वजन करा, पाजल्यावर लगेच पुन्हा. फरक म्हणजे प्यायलेलं दूध. मध्येच वासरू मुतलं तर तेही धरावं लागतं, हसू नका. अर्ध्या किलोने पुढे सरकणारा काटा इथे कामाचा नाही. शिवाय शेवटच्या धारांत स्निग्धांश जास्त असतो आणि तो वासराच्या पोटात जातो. म्हणून बादलीतल्या दुधाला फॅटही कमी लागते.