सोंगाची सामग्री

आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ साली बांधलेल्या किल्ल्याच्या छायेत नांदणाऱ्या धारूरसारख्या गावात शिवजयंतीसाठी एखाद्या बालकास मावळा करावयाचे ठरले, म्हणजे घरात जी धांदल उडावी, तीच आज मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी चित्रकथांतील वीरांची रूपे घेणाऱ्या तरुणांच्या घरी उडते. आणि फौजदाराच्या वेषात खोटे हुकूम बजावून, बिदागी पदरात पडताच पुढच्या दाराकडे वळणारा बहुरूपी हा ह्या मंडळींचा आपल्याकडील पूर्वजच होय.

तलवारीच्या पुठ्ठ्याच्या दोन पात्यांमध्ये बांबूची कामटी चिकटवावी, नाहीतर ती मिरवणुकीच्या मध्यावरच मान टाकते. वर रुपेरी बेगड, आणि ढालीला वेताच्या टोपलीचा तळ. मुखवट्याचे काम मात्र सबुरीचे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात लाकडाचे व कागदाच्या लगद्याचे मुखवटे मिरवितात. घरी करावयाचा झाल्यास मातीच्या साच्यावर तेलाचा हात फिरवून, खळीत भिजविलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर, आधीचा पुरता वाळल्यावरच, चढवावेत, कारण आत ओल राहिली की बुरशी धरते व आकार बिघडतो. (घाईने चुलीजवळ वाळविणाऱ्यांचे देव बहुधा तिरळे निघतात.) शहरी कारागीर फोमचे तक्ते उष्ण हवेने वाकवून चिलखते घडवितात, ती हलकी असतात हे निर्विवाद, तथापि हाताला खळ लागल्यावाचून केलेले सोंग मला अपुरेच वाटते. डोळ्यांची छिद्रे मात्र, साहित्य कोणतेही असो, धारण करणाऱ्याच्या चेहऱ्यावर माप घेऊन शेवटी कापावीत.