विश्लेषण : ढग गडगडले की कुत्रा पलंगाखाली का दडतो? त्याला धीर कसा द्यावा?

उन्हाळ्याच्या अखेरचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हे राज्यात विजांच्या कडकडाटाचे काळ. एरवी अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा या दिवसांत न्हाणीघरात दडून बसतो, थरथरतो, दार ओरबाडतो. काही कुत्री साखळी तोडून पळतात आणि वाट चुकतात किंवा वाहनाखाली सापडतात. घरात याला ‘नाटक’ म्हटले जाते, पण ही खरीखुरी भीती असते. वेळीच लक्ष दिले नाही, तर ती दर पावसाळ्यात वाढू शकते.

ही भीती किती कुत्र्यांना असते?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती त्यांच्या पालकांकडून गोळा केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२ टक्के कुत्र्यांना मोठ्या आवाजांची भीती असल्याचे दिसले. वर्तनाच्या तक्रारींमध्ये ही सर्वांत मोठी होती. फटाक्यांना घाबरणारी अनेक कुत्री गडगडाटालाही घाबरतात.

गडगडाटाचीच इतकी भीती का?

माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. आपल्याला ऐकू न येणारे क्षीण आवाजही कुत्रा टिपतो. शिवाय हा आवाज कुठून येतो, पुन्हा कधी येणार, हे त्याला कळत नाही. वादळ म्हणजे केवळ आवाजही नव्हे. अंधारून येणे, सुटलेला वारा, मातीचा वास, हवेचा बदललेला दाब हे सारे आधी येते. एकदा घाबरलेला कुत्रा या खुणा ध्यानात ठेवतो. म्हणूनच आभाळ भरून आले, की पहिला गडगडाट होण्याआधीच तो येरझाऱ्या घालू लागतो.

भीती ओळखावी कशी?

थरथरणे, धाप लागणे, लाळ गळणे, कान मागे आणि शेपूट पायांत घेणे ही ठळक लक्षणे. सतत जांभया देणे, ओठ चाटणे, आवडता खाऊही नाकारणे, माणसाच्या पायांत घुटमळणे याही भीतीच्याच खुणा. घरात लघवी झाली, तर तो खोडकरपणा समजू नये.

जवळ घेतल्याने भीती वाढते?

हा सर्वांत रूढ गैरसमज. ‘बस’ म्हटल्यावर बसणे हे शिकवलेले वर्तन आहे, ते बक्षीस दिल्याने पक्के होते. भीती ही भावना आहे. कुणी मायेने पाठीवरून हात फिरवला म्हणून ती वाढत नाही. कुत्रा जवळ येत असेल तर त्याला खुशाल येऊ द्यावे, शांत आवाजात बोलावे. तो पलंगाखाली गेला असेल तर ओढून बाहेर काढू नये. ओरडणे, मारणे किंवा ‘सवय व्हावी’ म्हणून गच्चीत बांधणे यांनी मात्र भीती नक्की वाढते.

वादळ सुरू असताना काय करावे?

घरातील आतली, कमी खिडक्यांची खोली निवडून तिथे त्याचे अंथरूण ठेवावे. खिडक्या-पडदे बंद करून दिवा लावावा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवावा. खोलीचे दार उघडे असावे. कोंडल्यास घबराट वाढते. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा द्यावा, वा आवडता खेळ खेळावा. बर्न विद्यापीठातील संशोधक स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांच्या भीतीबाबत १,२२५ श्वानपालकांचे सर्वेक्षण केले. आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना त्याचा उपयोग झाला होता. अंगाला घट्ट बसणाऱ्या जॅकेटबाबत हे प्रमाण ४४ टक्के होते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप परिसरातील विजांचा इशारा देते. तो मिळताच गॅलरी आणि फाटक बंद करावे. गळ्यातील पट्ट्यावर मोबाइल क्रमांकाचा बिल्ला कायम असावा. झाडाखाली किंवा उघड्यावर कुत्रा बांधून ठेवणे विजेच्या दृष्टीनेही धोक्याचे.

दीर्घकालीन उपाय कोणता?

तो कोरड्या दिवसांत सुरू करावा लागतो. गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून सोबत खाऊ द्यावा. कुत्रा निवांत राहिला तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. तो अस्वस्थ झाला तर लगेच कमी करावा. घाईने मोठा आवाज लावल्यास परिणाम उलटा होतो. ध्वनिमुद्रणात वारा, अंधार, वास नसतो, ही या उपायाची मर्यादा आहे. त्यामुळे ठरावीक सतरंजीवर शांत पडून राहण्याची सवयही रोज थोडी थोडी लावावी.

पशुवैद्यकाकडे कधी जावे?

कुत्रा स्वतःला इजा करत असेल, पळून जात असेल किंवा वादळ सरल्यावरही तासन् तास सावरत नसेल, तर थांबू नये. भीती कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि रीमर यांच्या सर्वेक्षणात ६८ टक्के वापरकर्त्यांना ती उपयोगी वाटली. मात्र केवळ गुंगी आणणाऱ्या औषधाने शरीर शिथिल होते, भीती आत तशीच राहू शकते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर देऊच नयेत.

आधी कधीच न घाबरणारा कुत्रा उतारवयात अचानक घाबरू लागला, तर सांधे किंवा पाठ दुखत नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. आवाजाने दचकल्यावर दुखरे अंग ताणले जाते आणि आवाजाची वेदनेशी सांगड बसते. अशा वेळी दुखण्यावरचा इलाज हाच भीतीवरचा पहिला इलाज ठरतो.