ड्रॉवर अडकलाय? रंधा मारायच्या आधी हे ऐका

आजचा भाग छोटा आहे, पण पावसाळ्यात अगदी कामाचा.

जुलै महिना. ॲडमिशनची धावपळ. दाखले, मार्कशीट, सातबारा, सगळं आईच्या सागवानी कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. आणि तो ड्रॉवर काही केल्या उघडत नाही! आपल्या कशेळ्यात, कर्जत-मुरबाड रस्त्याच्या या पट्ट्यात, पाऊस लागला की हे ठरलेलंच. मग घरात कुणीतरी म्हणतं, "सुताराला बोलाव, रंधा मारून टाकू दे." थांबा. एवढं एकच करू नका, निदान आत्ता तरी नको.

का, ते बघू. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाकडात साधारण ८ ते १० टक्के ओलावा असतो. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली, की तो १८-२० टक्क्यांकडे जातो. लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ फुगतच नाही. आडवं मात्र फुगतं. ड्रॉवरच्या फळ्यांच्या रेषा आडव्या असतात, म्हणून ड्रॉवर रुंद होत नाही, उंच होतो. १५ सेंटिमीटर उंचीची सागाची फळी एक ते दोन मिलिमीटर वाढू शकते. वरची फट तेवढीच असते. संपला विषय, ड्रॉवर जाम!

आता जुलैत रंधा मारला, तर तुम्ही फुगलेलं लाकूड कापता. दिवाळीनंतर तेच लाकूड आकसतं आणि ड्रॉवर खुळखुळायला लागतो. कापलेलं लाकूड परत येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, हा बग कोडमध्ये नाही, हवामानात आहे. कोड कशाला बदलायचा?

आधी कागद बाहेर काढा

एका बाजूच्या हँडलला हिसका देऊ नका. ड्रॉवर तिरका होतो आणि पाचरीसारखा आणखी घट्ट बसतो. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना सारखा जोर लावा. वरचा ड्रॉवर निघत असेल तर तो पूर्ण काढा आणि आतून खालच्याला पुढे ढकला. तरी नाही निघाला, तर हेअर ड्रायर थोडा लांब धरून फटीवर फिरवा. एका जागी धरून ठेवलात तर पॉलिश जाईल.

मग शोधा, नक्की कुठे घासतंय

ड्रॉवर रिकामा करा. निम्म्या वेळा वजनाने तळाचं प्लायवूड मधे लवलेलं असतं आणि तेच खाली घासतं. खाचेत बसवलेला तळ असेल तर मागून सरकवून काढा आणि उलटा करून बसवा. तळ ठीक असेल, तर ड्रॉवरच्या कडांना खडू लावा आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा. जिथला खडू पुसला, तिथेच घासतंय. त्या जागेवर आणि खालच्या पट्टीवर साधी पांढरी मेणबत्ती जोरात घासा. साबणाची कोरडी वडीही चालते. खोबरेल तेल मात्र नको, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात चिखल होतो.

बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. नाही भागलं तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की परत बघा. तेव्हाही तिथेच अडकत असेल, तर खुशाल पॉलिश पेपर मारा किंवा सुतारकाकांकडून हलका रंधा मारून घ्या, फक्त खडूने दाखवलेल्या जागेवर. उघड्या लाकडाला वॉर्निश लावा. ओलावा पूर्ण थांबत नाही, पण हळू शिरतो.

नवीन फर्निचर असेल तर?

तिथे गोष्ट वेगळी. ड्रॉवर लोखंडी चॅनेलवर चालतो. पूर्ण बाहेर ओढा, दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या दिसतील. बहुतेक चॅनेलमध्ये एक वर आणि एक खाली दाबायची, दोन्ही एकदम, की ड्रॉवर सुटतो. जुन्या टूथब्रशने कचरा काढा, वर आलेले स्क्रू घट्ट करा, थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. गंज चढून गोळ्या निखळल्या असतील तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. जुनं चॅनेल इंचात मोजून तेवढ्याच लांबीची नवी जोडी आणा.

आणि पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ पाण्याने फुगलं असेल, तर ते सागासारखं परत आकसत नाही. तिथे दिवाळीची वाट बघण्यात अर्थ नाही, ती फळीच बदला.

म्हणजे पहिला प्रश्न एकच: हे लाकूड आहे की बोर्ड? लाकूड असेल तर धीर धरा. आईचं कपाट तुमच्यापेक्षा जास्त पावसाळे बघून बसलंय. आणि हो, दाखले मे महिन्यातच बाहेर काढून ठेवा!

घरातला ड्रॉवर कुणाचा अडकलाय, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात.