आजीबाईंचे बाक

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीला आठवडा राहिला होता. बी. ए. च्या पहिल्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मुलगा हुशार. निबंध असा लिही, की तपासताना माझी लाल पेन्सिल हातात तशीच राहावी. परंतु महिनाभर तो वर्गात असून नसल्यासारखा होता. वसतिगृहात रात्र रात्र जागा असतो, ताटावरून तसाच उठून जातो, असे त्याचे सोबती सांगत. मीच त्याला शहरातल्या एका मानसोपचार केंद्रात पाठवले होते.

"जाऊन आलास का रे?" मी विचारले.

"गेलो होतो, मॅडम."

"मग? काय म्हणाले?"

तो जरा घुटमळला. "त्यांनी विचारलं, लहानपणी वडील मारायचे का? मी म्हटलं, वडील नाही मारायचे. वडिलांना पोलीस मारायचे. त्यावर त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पुढचा प्रश्न विचारला."

मुलगा फासेपारधी समाजातला. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून काही जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्या भागालाही लागू झाला. १९५२ साली हा कायदा देशातून गेला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी सर्वांत आधी ज्या पालांवर येई, त्यांतलेच एक पाल या मुलाचे घर होते. वसतिगृहात कोणाचे घड्याळ हरवले तरी याच्या पोटात गोळा उठे.

आता वाचकहो, मी काय केले ते सांगते. मी म्हणाले, "मन घट्ट कर. इतका विचार करीत बसू नकोस. सुटीत घरी जा आणि ताजातवाना होऊन ये." तो घरी गेला, तो परत आलाच नाही. त्या केंद्रातल्या गृहस्थांना मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात दोष देत होते. पुढे लक्षात आले, की त्याचे ते वाक्य मीही ऐकले होते, आणि मीदेखील पुढचेच बोलले होते.

विचारांचा आजार

मी डॉक्टर नव्हे, मराठी शिकवणारी बाई. परंतु शब्दांचा माग काढण्याची खोड असल्यामुळे या विषयावर मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता फार लांबचा एक शब्द हाती लागला. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात शोना भाषा बोलतात. तीत विचार करणे याला 'कुफुंगा' म्हणतात. आणि तोच विचार अति झाला, डोक्यात घिरट्या घालू लागला, म्हणजे 'कुफुंगिसिसा'. तिथल्या बाईला झोप नाहीशी झाली, छातीत धडधडू लागले, रडू आवरेना झाले, तर ती 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, "मला कुफुंगिसिसा झालाय."

यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे तरी कोण 'मला नैराश्य आले आहे' म्हणतो? आपण म्हणतो, जिवाला घोर लागलाय, मन खातंय, कशात जीव लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे झालेत. दुःखाला प्रत्येक भाषेने आपापली नावे ठेवली आहेत. त्या नावाने हाक मारली, तर ते ओ देते.

ही गोष्ट ज्यांनी शास्त्रीय रीतीने मनावर घेतली, त्यांत मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल हे एक आहेत. १९९० नंतरच्या दशकात ते दोन वर्षे झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे होते. तिथले रुग्ण, आरोग्यसेवक आणि वैदू मनाच्या दुखण्याविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकले आणि त्या शब्दांतूनच चौदा प्रश्नांची एक यादी तयार केली. 'गेल्या आठवड्यात फार खोल, नाना गोष्टींचा विचार करीत होता का?' असा प्रश्न त्या यादीत आहे. परक्या पुस्तकातले प्रश्न नुसते भाषांतरित करण्याऐवजी रोग्याच्या तोंडचेच शब्द डॉक्टरच्या कागदावर आले.

चौदा आज्या

पुढची हकीकत हरारेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची आहे. त्यांनी ती स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. २००५ साली त्यांची एक तरुण रुग्ण बाई जीव देऊन गेली. तिला पुन्हा तपासायला आणण्याचे ठरले होते. मग का आणली नाही, असे त्यांनी तिच्या आईला विचारले. आई म्हणाली, गाडीभाड्याचे पंधरा डॉलर जुळले नाहीत. डॉक्टर इस्पितळात वाट पाहत होते, औषध कपाटात होते. मध्ये फक्त पंधरा डॉलरांचा रस्ता होता.

त्याच वर्षी झिंबाब्वेच्या सरकारने शहरे 'साफ' करण्याची मोहीम काढली. झोपड्या, टपऱ्या, पथारीवाल्यांचे बाजार यांवर बुलडोझर फिरले. घर किंवा रोजगार, किंवा दोन्ही गमावलेल्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने सुमारे सात लाख धरला. गोऱ्यांच्या अमदानीत काळ्या लोकांसाठी निराळी वसवलेली एम्बारे ही हरारेतली जुनी, दाटीची वस्ती. तिथे डॉ. चिबांडांना काम करायचे होते. पैसा नव्हता, खोली नव्हती, परिचारिका नव्हत्या. मिळाल्या काय, तर दवाखान्याच्या वतीने घरोघर हिंडून आरोग्याची कामे करणाऱ्या चौदा वयस्क बायका. शोनात आजीला 'अंबुया' म्हणतात. या सगळ्या अंबुया. आणि खोली नव्हती म्हणून दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, एक लाकडी बाक.

डॉक्टरांनी बाकाला नाव दिले 'मानसिक आरोग्याचे बाक'. कोणी फिरकेना! वेड्यांच्या बाकावर चारचौघांत बसणार कोण? आज्यांनी त्यांना सांगितले, की हे नाव आधी काढा. मग नाव पडले 'चिगारो चेकुपानामाझानो', म्हणजे एकमेकांना सल्ला देण्याचे बाक. पुढे जगाने त्याला 'फ्रेंडशिप बेंच' म्हटले. त्या नावाच्या बाकावर मात्र माणसे येऊ लागली.

या आज्या करतात काय? समजा, एक बाई येते. नवरा सोडून गेलेला, भाडे थकलेले, स्वतःला एच. आय. व्ही. ची बाधा, रात्री झोप नाही. आजी तिला 'सगळे ठीक होईल' म्हणत नाही. ती आधी सगळे ऐकते. याला त्या 'मन उघडणे' म्हणतात. मग दोघी मिळून अडचणींची यादी करतात, आणि बाई स्वतःच तीतली एक अडचण निवडते. समजा, भाडे. मग भाड्यासाठी येत्या आठवड्यात नेमके काय करायचे, कोणाला भेटायचे, काय बोलायचे, हे ठरते. पुढच्या खेपेला आजी विचारते, गेली होतीस का? काय झाले? जमले नसेल तर दुसरी वाट काढायची. यातल्या पुढच्या पायऱ्यांना उभारी देणे आणि बळकटी आणणे या अर्थाची शोना नावे आहेत. अशा सुमारे सहा बैठकी होतात. त्यानंतर बाईला तिच्यासारख्यांच्या मंडळात बोलावतात. तिथे बोलता बोलता पिशव्या विणायला शिकतात. त्या विकून चार पैसेही सुटतात. आणि एखादीच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार दिसले, तर आजी ते स्वतःपाशी ठेवीत नाही. तत्काळ वरच्या जाणत्या माणसांकडे पाठवते.

हे झाले भाबडेपणाचे कौतुक, असे कोणी म्हणेल. म्हणून आकडेही सांगते. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात छापून आले. नेहमीच्या पद्धतीने, थोडी अधिक काळजी घेऊन, ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांच्यापैकी शेकडा ५० जणांत सहा महिन्यांनंतरही नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत हेच प्रमाण शेकडा १४ होते.

आपल्या अंगणात

हरारेहून परतल्यावर डॉ. पटेल गोव्यात आले. १९९६ साली तिथे 'संगत' ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते. गोव्यातल्या बायकाही दवाखान्यात येत त्या थकवा, अंगदुखी आणि झोप नसल्याच्या तक्रारी घेऊन. संस्थेने स्थानिक, वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले आणि त्यांना दवाखान्यांत बसवले. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याचा उत्तम गुण आला, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही. पुढे विदर्भात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातील काही गावांत, याच धर्तीचे काम झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण तिथे दीड वर्षात शेकडा ४ वरून शेकडा २७ वर गेले.

आपल्या मानसिक आरोग्याच्या २०१७ सालच्या कायद्यात जात, धर्म, लिंग, वर्ग, संस्कृती असा कोणताही भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. हे उत्तमच आहे. परंतु दार उघडे असणे निराळे, आणि आत गेल्यावर आपले वाक्य लिहून घेतले जाणे निराळे. दलित मुलगी सांगते, 'मैत्रिणी माझ्या ताटात जेवत नाहीत', आणि समोरचा म्हणतो, 'तुम्ही फार मनाला लावून घेता'. अशा वेळी जखम एका जागी आणि मलमपट्टी भलत्या जागी होते. घर पाडलेल्या माणसाला झोप येत नसेल, तर बिघाड त्याच्या झोपेत आधी झाला की त्याच्या घरात?

याचा अर्थ असा नव्हे, की औषधे फेकून द्यावी आणि डॉक्टरांना रजा द्यावी. काही दुखणी औषधावाचून हटत नाहीत; गरिबाच्या दुखण्याला 'समाजामुळे झाले' म्हणून नुसती मान हलवली, तर तो त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. आज्यांच्या बाकानेही एम्बारेतली पाडलेली घरे पुन्हा उभी केली नाहीत. पण त्या बाकावर बसलेल्या बाईला एवढे तरी कोणी सांगितले नाही, की तुझे घर पडले हा तुझ्या मनाचा खेळ आहे. तिचे घर पडले आहे हे धरूनच आजी पुढचे बोलली. मला वाटते, बरे होण्याची पहिली पायरी हीच असावी.

शहाण्या आज्यांची आपल्याकडे वाण नाही. घरोघर आजीबाईचा बटवा होता. त्यात जायफळ, वेखंड आणि सुंठ होती. पण खरे सांगायचे तर त्या आज्यांचे ऐकणे बहुधा आपल्याच गोताच्या लोकांपुरते होते. धुणेवाली मागल्या दारी उभी राहून बोले, आणि निम्म्यावर आपण म्हणत असू, 'बरं, उद्या लवकर ये हं.' एम्बारेच्या आज्यांचे वेगळेपण हे, की त्या त्याच वस्तीतल्या होत्या. भाडे थकणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. आपल्याला ते समजावून घ्यावे लागेल. त्याला इलाज नाही.

दर दिवाळीला वर्ग रिकामा होतो तेव्हा मला त्या मुलाची आठवण येते. तो कुठे आहे, मला माहीत नाही. बरा असावा, एवढीच इच्छा. आता माझ्याकडे कोणी विद्यार्थी असा घुटमळत आला, तर मी टेबलाशी त्याला उभा ठेवीत नाही. आवारातल्या लिंबाखाली सिमेंटचा एक कट्टा आहे, तिथे आम्ही बसतो. मी उपचार करीत नाही. गरज दिसली तर जाणत्या माणसाकडे पाठवते, आणि हवे असेल तर बरोबरही जाते. मात्र एक प्रश्न मी आता विसरत नाही. 'वडिलांना पोलीस मारायचे,' असे त्या दिवशी तो म्हणाला, तेव्हा मी विचारायला हवे होते, आणि विचारले नाही:

"मग रे? तू तेव्हा कुठं होतास?"