गोठ्यातला गोचीड, माणसाचा ताप

गाई-म्हशीच्या कासेवर, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, मानेखालच्या पोळीत गोचीड हमखास सापडतात. धार काढायला बसलेली बाई आधी कास चाचपते. हाताला लागलेला गोचीड दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटते आणि रॉकेलच्या डब्यात टाकते. डबा जवळ नसला तर दगडावर ठेवून अंगठ्याच्या नखानं चिरडते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी एरंडाच्या बीएवढी होते. ती फुटली की काळपट रक्त बोटांवर पसरतं. ते पदराला पुसायचं आणि धारेला लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं आहे. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत पश्चिम घाटात आणि गुजरातेत जे घडलं, ते पाहिलं की या रोजच्या कामाची काळजी वाटू लागते.

सुरुवात १९५७ची. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्याला, गुरांमागे जाणारी माणसं तापानं फणफणली. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग मोडून यायचं, काहींच्या नाकातोंडातून रक्त यायचं. माकडं आणि माणसं एकदम मरताहेत म्हटल्यावर पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, स्थापना होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी जंगलात मुक्काम ठोकले आणि विषाणू शोधून काढला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडांमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचं नातं निघालं. इथंही तो नेणारा गोचीडच होता, हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा. हा आजार आपल्याकडे माकडताप म्हणून ओळखला जातो.

नाव माकडाचं पडलं आणि दोषही माकडाच्या माथी बसला. माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, त्याच्या अंगावरून गोचीड विषाणू उचलतात, हे खरंच आहे. पण जंगलात गोचीड एवढे माजले कशानं? पुण्याच्या केंद्रात काम केलेले कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९मध्ये याचं उत्तर मांडलं. गावं वाढली, गुरं वाढली आणि ती चरायला जंगलात शिरली. या गोचिडाची पूर्ण वाढलेली मादी मोठ्या जनावराचं रक्त पिते, मग गळून पडते आणि पाचोळ्यात हजारो अंडी घालते. गाय या तापानं आजारी पडत नाही, तिच्या रक्तात विषाणू फारसा टिकतही नाही. पण विषाणू वाहणाऱ्या गोचिडाची पैदास तिच्या रक्तावर होते. मला या सगळ्या इतिहासात बोशेल यांची ही मांडणी सर्वात मोलाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष गेलं.

पुढे १९८२-८३मध्ये दक्षिण कन्नड भागात पत्रमे इथं काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि माकडतापाची मोठी साथ उसळली. तरीही बरीच वर्षं हा कर्नाटकातल्या काही तालुक्यांचा प्रश्न मानला गेला. २०१२नंतर मात्र बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशी एकेक नावं पुढे येत गेली. २०१५मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात रुग्ण सापडले. २०१६च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात ताप पोचला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात पसरला. काजूच्या बागांमध्ये बिया वेचायचे दिवस आणि गोचिडाची बारीक पिल्लं माणसाला चावायचे दिवस एकच, जानेवारी ते मे. ही पिल्लं इतकी बारीक की चावल्याचं कळतही नाही.

घाटावरच्या दूधवाल्या पट्ट्यात गोचिडाची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. जर्सी, होल्स्टीन यांच्या संकरित गाई आल्या, दूध वाढलं, पण गोचिडाला दाद न देणारं गावठी गाईचं अंग या गाईंना मिळालं नाही. थायलेरिया, बबेसिया हे गोचीड ताप गोठ्यात ठाण मांडून बसले. मग औषधं आली. आधी गॅमेक्सिनची पावडर, जिच्यावर १९९७मध्ये बंदी आली. नंतर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ. बाटलीतलं औषध अंदाजानं बादलीत ओतायचं, फडकं बुडवून उघड्या हातानं जनावराला पुसायचं, ही आपली पद्धत. कमी मात्रेत, वरचेवर वापरलेल्या औषधांना गोचीड दाद देईनासे झाले आणि विषाचा अंश मात्र हातांवर राहिला. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला टोचून त्याच संध्याकाळचं दूध डेअरीत घालणारे लोक आहेत. हाही माणसाच्या आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही.

तिकडे गुजरातेत जानेवारी २०११मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात, कोलाट गावची एक बाई रक्तस्रावी तापानं दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही जीव गेला. पुण्याच्या प्रयोगशाळेनं निदान केलं: क्रायमियन काँगो ताप. भारतात प्रयोगशाळेत पक्का झालेला हा पहिला उद्रेक. हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडात राहतो, आणि कोलाटच्या गुरांवरच्या गोचिडांमध्ये तो सापडलाही. या आजारात गाय, म्हैस, शेळी ठणठणीत दिसते. चारा खाते, दूध देते, आणि तिच्या रक्तात काही दिवस विषाणू असतो. माणसाला हा ताप गोचीड चावून होतो, जनावर कापताना रक्त लागून होतो, आणि उघड्या हातानं गोचीड चिरडूनही होतो. लागण झालेल्यांपैकी शंभरात दहा ते चाळीस दगावतात. पुढे गुजरातेत आणि राजस्थानात तो पुन्हा पुन्हा दिसला. २०२०मध्ये पालघर जिल्ह्यात पशुसंवर्धन विभागानं पशुपालकांना आणि मांसविक्रेत्यांना सावध केलं. गुरांच्या खात्यानं माणसाच्या तापाविषयी आपणहून बोलावं, हे आपल्याकडे क्वचितच घडतं.

एरवी आरोग्य आणि पशुसंवर्धन ही दोन्ही खाती आपापल्या वाटेनं जातात. माकडतापाचा मोसम आला की आरोग्य कर्मचारी अंगाला लावायचं गोचीड दूर ठेवणारं तेल वाटतात, मेलेल्या माकडाभोवती मॅलेथिऑनची भुकटी मारतात. जुनी लस होती, तीही दोन डोसांवर भागणारी नव्हती, बूस्टर लागायचा. तिची ताकद अपुरी ठरली आणि अलीकडे ती देणं थांबलं. नव्या लशीचं काम सुरू आहे. ती येईपर्यंत तेल, भुकटी आणि लवकर निदान, एवढंच हाती आहे. तापाच्या रुग्णाला घरी गुरं आहेत का, ती जंगलात चरतात का, अंगावर कधी गोचीड सापडला का, हे विचारणारे डॉक्टर अजून थोडेच आहेत.

माझा आग्रह मोसमाबद्दल आहे. माकडतापानं माणसं जानेवारी ते मे या काळात आजारी पडतात, म्हणून सगळी धावपळ त्या महिन्यांत होते. पण त्या तापाचे गोचीड गुरांच्या अंगावर रक्त पिऊन पोसले जातात ते पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत आरोग्य खात्याच्या यादीत माकडताप नसतो. मात्र पावसाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं गावोगाव फिरतात. जंगलालगतच्या गावांत त्याच फेरीत गुरांना गोचिडाचं औषध देता येईल, दुभत्या जनावराला कोणतं चालतं आणि दूध किती दिवस बाजूला ठेवायचं हे सांगता येईल, आणि धार काढणाऱ्या बाईच्या हातात एक चिमटा आणि रबरी हातमोज्यांची जोडी देता येईल.