बाळंतिणीची सोबतीण कोणीं निवडावी?

मालवण किनाऱ्यावर पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची रीत अजून टिकून आहे. परंतु घरच्या सुइणीची जागा आतां रुग्णालयानें घेतली आहे. हा पालट इष्टच होय. मात्र सुइणीबरोबर वेणा देणारीच्या पाठीवरून फिरणारा धीराचा हातही गेला, ही हानि लहान नव्हे.

ती भरून काढण्याचा मार्ग खुला आहे. केंद्र सरकारनें २०१६ सालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयीं एका स्त्री-नातलगास सोबत राहण्याची मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं गर्भवतीच्या स्वतःच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली. अखंड सोबतीनें वेणांचा काळ घटतो व शस्त्रक्रियेचे प्रसंग कमी होतात, असें अनेक देशांत आढळून आलें आहे.

मग सोबत कोणाची? केवळ मानपानासाठीं वडीलधारीस पाठविणें हें शहाणपण नव्हे. जी स्वतः बाळंतपणांतून गेलेली, निरोगी, स्वच्छ, अखेरपर्यंत थांबणारी आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कामांत ढवळाढवळ न करणारी, तीच योग्य. मग ती आई असो, सासू असो वा मावशी. शेवटचा शब्द गर्भवतीचाच असावा. घरच्या कर्त्या पुरुषांनीं नववा महिना लागण्यापूर्वीं तिला हें एकदां विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.