वाघ, शेळी, गवत आणि गणकयंत्र

वैनगंगेच्या काठी वाघ, शेळी व गवताचा भारा घेऊन एक शेतकरी उभा आहे. डोंग्यात त्याच्याखेरीज एकच नग मावतो. त्याच्या माघारी वाघ शेळीला किंवा शेळी गवताला सोडणार नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प (२०१३) ज्या गोंदिया जिल्ह्यात पसरला आहे, तेथील वाचकास वाघाचा स्वभाव सांगावयास नको. तो शेतकऱ्यापाशी मुकाट का बसतो, हा प्रश्न मात्र कोडे घालणाऱ्यांनी कधीच मनावर घेतलेला नाही!

चौघांपैकी प्रत्येक जण अलीकडे किंवा पलीकडे असणार, म्हणजे एकंदर १६ स्थिती संभवतात. त्यांतील ६ घातक होत. उरलेल्या १० स्थितींतून वाट काढली की ७ खेपांत उत्तर मिळते. इतके काम यंत्र सर्व वाटा चाचपून सहज करील. परंतु बुद्धिबळाच्या संभाव्य डावांची संख्या क्लॉड शॅनन यांनी १९५० साली सुमारे १०चा १२०वा घात इतकी अंदाजिली होती. तेथे सर्व वाटा चाचपणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होय.

म्हणूनच ॲलन नेवेल, हर्बर्ट सायमन व क्लिफ शॉ यांनी अटकळीने वाट निवडणारी योजना यंत्रास दिली. त्यांच्या १९५६च्या 'लॉजिक थिअरिस्ट'ने रसेल व व्हाइटहेड यांच्या ग्रंथातील एका प्रकरणाच्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. पुढील योजनेचे, 'जनरल प्रॉब्लेम सॉल्व्हर'चे, तत्त्व असे : प्राप्त स्थिती व साध्य यांतील भेद हेरावा, तो कमी करणारी क्रिया शोधावी, आणि ती क्रिया करता येत नसल्यास तिच्या आड येणारी अडचण दूर करणे हेच तात्पुरते साध्य मानावे.

येथे आपले कोडे पुन्हा आड येते. तिसऱ्या खेपेअखेर दोन नग पलीकडे पोचलेले असतात. चौथ्या खेपेत मात्र शेळी परत आणावीच लागते. कोड्याची उत्तरे दोन आहेत, पण ही माघार दोहोंतही अटळ आहे. केवळ भेद घटविण्याच्या मागे लागलेले यंत्र येथेच अडून बसते. तेव्हा वाट वळणाची असू शकते, हेही त्यास शिकवावे लागते.

महाराष्ट्रात या विचाराशी संबंध आला तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथे घडविलेले 'टिफ्रॅक' गणकयंत्र १९६० साली चालू झाले. त्याचे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंनी केले. ते घडविणाऱ्यांतील आर. नरसिंहन यांनी १९६१ ते १९६४ या काळात इलिनॉय विद्यापीठात निराळाच प्रश्न हाती घेतला. बुद्बुदकोष्ठाच्या छायाचित्रांतील कणांच्या रेषा यंत्राने ओळखावयाच्या होत्या. त्यासाठी त्यांनी चित्राची मांडणी वाक्याच्या व्याकरणासारखी मानली : बिंदूंची रेषा, रेषांचा सांधा, सांध्यांची आकृती. कोड्यातील १६ स्थिती माणूस आधीच मांडून देतो. छायाचित्रात मात्र रेषा कोणती व डाग कोणता, हे यंत्रालाच प्रथम ठरवावे लागत होते.